हैदराबाद क्रमांक बारा-ए

लंडन शहराच्या उत्तरेकडे हेन्डन येथे ब्रिटिश वायुदलाचे संग्रहालय आहे. त्याच्या संग्रहात पहिल्या महायुद्धातले एक बॉम्बफेकी विमान आहे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या आणि एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. जात डीएच-९ए, क्रमांक एफ-१०१०. त्याच्या अंगावर रंगाने लिहिलेल्या इंग्रजी मजकुराचा आशय असा, की हे विमान हैदराबादच्या निजामाने भेट दिलेले असून त्याचे नाव 'हैदराबाद क्रमांक १२-ए' आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, माणसाने हा मजकूर वाचला तर तो त्याला सहजासहजी परका वाटू नये. विमान युद्धात उतरले १९१८ मध्ये. त्या वर्षी औरंगाबाद हे निजामाच्या राज्यातील एका सुभ्याचे ठाणे होते. त्या सुभेदारीची आठवण आज येथे एका सरकारी विश्रामगृहाच्या नावात उरली आहे. राज्यात एकूण सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगू, तीन कन्नड आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी. या पाच जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीतून दरसाल सारा गोळा होई. गावचा पटेल आणि पटवारी तो वसूल करीत, तहसिलीतून तो अव्वल तालुकदाराकडे जाई आणि तिथून हैदराबादच्या खजिन्यात. उस्मानाबादसारखा मुलूख तर 'सर्फ-ए-खास' म्हणजे निजामाच्या खाजगीकडचा. तेव्हा विमानांची देणगी दिवाणी खजिन्यातली की खाजगीतली, हा हिशेबाच्या वहीपुरता भेद आहे. दोन्ही खजिन्यांची मुळे अखेर जमिनीतच होती, आणि त्या जमिनीचा मोठा हिस्सा मराठी कुणब्याच्या नांगराखाली होता.

एफ-१०१० बद्दल लिहिताना म्हणून तीन प्रकारच्या माणसांचा विचार करावा लागतो. ज्याने दिले तो, ज्यांनी ते उडवले ते, आणि ज्यांच्या पैशातून ते आले ते. पहिल्याचे नाव विमानावर आहे. दुसऱ्यांची नावे युद्धस्मशानांतल्या दगडांवर आणि वायुदलाच्या कागदांत आहेत. तिसऱ्यांची नावे कुठेच नाहीत. इतिहासात जागा मिळण्याचा हा क्रम नवा नाही. एका लहानशा वस्तूच्या अंगावर तो इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

भेट दिलेली विमाने ही पहिल्या महायुद्धातली एक विलक्षण प्रथा होती. साम्राज्यातल्या संस्था, वसाहती, व्यापारी मंडळ्या आणि संस्थानिक यांच्याकडून विमानाची किंमत घ्यायची आणि त्या बदल्यात देणगीदाराने सुचवलेले नाव विमानावर लिहायचे. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत साधे टेहळणी विमान दीड हजार पौंडांत नावावर लागत असे. विमान पडले, मोडले, जळाले, तर तेच नाव कारखान्यातून आलेल्या दुसऱ्या विमानाला देण्याचा रिवाज होता. देणगीदाराला आपले विमान गेल्याचे दुःख होऊ नये, अशी ही सोय. 'बारा'च्या पुढचा 'ए' ही बहुधा त्याच सोयीची खूण असावी. विमान आणि त्यातली माणसे मरत, नाव मात्र मरत नसे.

निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले होते. युद्धात त्यांनी इंग्रजांना सढळ हाताने मदत केली. हैदराबादचे लान्सर्स घोडदळ इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या आघाडीवर गेले; दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक मूर्ती त्यांचीच आहे. आणि एका अख्ख्या बॉम्बफेकी स्क्वाड्रनची विमाने निजामाच्या नावाने देण्यात आली. ती ११० क्रमांकाची स्क्वाड्रन पुढे 'हैदराबाद स्क्वाड्रन' म्हणूनच ओळखली गेली. या निष्ठेची पोचपावती म्हणून १९१८ मध्ये निजामाला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' ही इतर कोणत्याही संस्थानिकाला न मिळालेली पदवी मिळाली, आणि ब्रिटिश सरकारचा 'विश्वासू दोस्त' हा किताबही. त्याच वर्षी, त्याच राज्याच्या खर्चाने उस्मानिया विद्यापीठही उभे राहिले, हे सांगितले नाही तर हिशेब एकांगी होईल.

स्क्वाड्रनची स्थापना १ नोव्हेंबर १९१७ रोजी इंग्लंडात रेंडकोम्ब येथे झाली. पुढचे दहा महिने शिक्षणात गेले. १ सप्टेंबर १९१८ ला ती फ्रान्समध्ये, लोरेनच्या बाजूला बेतोंकूर येथील तळावर दाखल झाली. डीएच-९ए हे नवे विमान घेऊन फ्रान्समध्ये उतरलेली ही पहिलीच स्क्वाड्रन. ती जनरल ट्रेंचर्डच्या 'इंडिपेंडंट फोर्स'चा भाग होती. या दलाचे काम खंदकांवर बॉम्ब टाकण्याचे नव्हते. सीमा ओलांडून जर्मनीत खोल शिरायचे आणि कारखाने, रेल्वेची जंक्शने, विमानतळ व शहरे यांवर बॉम्ब टाकायचे, हे काम. दूरच्या शहरांवर आकाशातून युद्ध नेण्याच्या ज्या कल्पनेने पुढे विसावे शतक होरपळून निघाले, तिच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी हा एक होता.

डीएच-९ए मध्ये दोन माणसे बसत. पुढे वैमानिक, त्याच्या लगेच मागे निरीक्षक. आधीच्या डीएच-४ मध्ये या दोघांच्या मध्ये पेट्रोलची टाकी असे आणि एकमेकांशी बोलणे जवळजवळ अशक्य होई. नव्या विमानात ती मधून काढली होती, म्हणून दोघे निदान खांद्याला हात लावून एकमेकांना सावध करू शकत. इंजिन अमेरिकन, लिबर्टी जातीचे, चारशे अश्वशक्तीचे. वैमानिकाजवळ पुढे मारा करणारी एक मशीनगन, निरीक्षकाजवळ फिरत्या कड्यावर बसवलेली दुसरी. बैठका उघड्या. पंधरा-सोळा हजार फुटांवर हाडे गोठवणारी थंडी असे, आणि ती काही तास सोसायची. पॅराशूट नव्हते. जर्मन वैमानिकांना त्याच वर्षी पॅराशूट मिळू लागले होते. ब्रिटिश विमानातल्या माणसाला मात्र विमान पेटले तर जळणे आणि उडी मारणे यांतून एक निवडावे लागे.

या विमानांना सोबतीला लढाऊ विमाने नसत. इतक्या लांब जाऊन परतू शकेल असे लढाऊ विमान तेव्हा नव्हते. संरक्षण एकच, ते म्हणजे एकमेकांच्या जवळ राहून पाचराच्या आकारात उडणे, म्हणजे सगळ्या निरीक्षकांच्या बंदुका एकत्र चालतील. ज्याचे इंजिन कुरकुरले, जो ढगात चुकला, जो मागे राहिला, त्याच्यावर शत्रूची विमाने तुटून पडत. मरण शौर्यावर जितके अवलंबून असे, त्याहून अधिक यंत्राच्या तब्येतीवर.

२३ सप्टेंबर १९१८ ला हैफा शहर पडले. जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी भाले उगारून केलेला तो हल्ला आपल्याकडे आजही स्मरला जातो. हैदराबादचे लान्सर्स त्याच ब्रिगेडमध्ये होते. त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ सप्टेंबरला, हैदराबादचे नाव लावलेली विमाने फ्रँकफुर्टवर गेली. एकाच राज्याच्या नावाने एकाच आठवड्यात एकीकडे घोडा आणि दुसरीकडे बॉम्बफेकी विमान, असा हा संधिकाळ होता.

५ ऑक्टोबरला स्क्वाड्रनची विमाने पुन्हा जर्मनीत शिरली. कैसरस्लाउटर्नच्या परिसरात त्यांची जर्मन लढाऊ विमानांशी गाठ पडली. त्या दिवशी जी परतली नाहीत त्यांत एफ-१०१० होते. वैमानिक कॅप्टन इंग्लिस आणि निरीक्षक सेकंड लेफ्टनंट बॉडली हे दोघे जमिनीवर जिवंत उतरले आणि युद्धकैदी झाले. त्यांच्या जिवंत राहण्यामुळेच विमानही बऱ्यापैकी शाबूत राहिले, आणि म्हणून ते आज पाहायला मिळते. ज्या विमानांतली माणसे मेली ती विमाने संग्रहालयात येण्याजोगी उरली नाहीत. जतन झालेली वस्तू आपल्याला बहुधा वाचलेल्यांचीच कथा सांगते, हे संग्रहालयात फिरताना लक्षात ठेवावे लागते.

न वाचलेल्यांची कथा आकड्यांत आहे. २१ ऑक्टोबरला कोलोनच्या मोहिमेवर निघालेल्या विमानांपैकी सात परतली नाहीत. सात विमाने म्हणजे चौदा माणसे. त्यांतले काही कैदी झाले, काही मेले. युद्ध संपायला तेव्हा बरोबर तीन आठवडे उरले होते. फ्रान्समधल्या सुमारे दहा आठवड्यांत स्क्वाड्रनने शत्रूच्या मुलखावर साडेदहा टन बॉम्ब टाकले. या काळात तिची सतरा विमाने बेपत्ता झाली आणि अठ्ठावीस मोडली. स्क्वाड्रनमध्ये एका वेळी असत जेमतेम अठरा. याचा अर्थ दहा आठवड्यांत ती अडीच वेळा नव्याने भरावी लागली. गेलेल्या प्रत्येक विमानामागे पाव टनाहूनही कमी बॉम्ब, हा त्या मोहिमेचा हिशेब. खाली फ्रँकफुर्टमध्ये ते बॉम्ब ज्यांच्यावर पडले त्यांना अर्थात हा हिशेब हलका वाटला नसेल.

मेलेले तरुण ब्रिटनचे किंवा त्याच्या वसाहतींचे होते. त्यांच्यापैकी कोणी हैदराबाद पाहिले असण्याचा संभव फार थोडा, औरंगाबाद पाहिले असण्याचा त्याहून थोडा. ज्या नावाच्या विमानात बसून ते मेले ते नाव त्यांना नकाशावर नीट दाखवता आले असते की नाही, कोण जाणे.

आता दृष्टी इकडे वळवू. त्याच ऑक्टोबरात मराठवाड्यात काय चालले होते? १९१८ चा पावसाळा हा हिंदुस्थानच्या ज्ञात इतिहासातल्या सर्वांत वाईट पावसाळ्यांपैकी एक. दख्खनमध्ये खरीप हातचे गेले आणि रब्बीला ओल उरली नाही. युद्धामुळे धान्य, कापड, मीठ, रॉकेल सगळेच महागलेले. त्यात इन्फ्लुएन्झा आला. जूनमध्ये मुंबई बंदरात तो प्रथम दिसला तेव्हा सौम्य होता. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट मात्र भयंकर होती. ती रेल्वेच्या वाटांनी देशभर पसरली, आणि मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीवरून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोन दशकेही झाली नव्हती. या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे गेली असे अंदाज आहेत. मेले ते मुख्यतः तरुण आणि कर्ते, म्हणजे बेतोंकूरच्या तळावरच्या वैमानिकांच्याच वयाचे.

१९११ च्या खानेसुमारीत निजामाच्या राज्याची लोकसंख्या १,३३,७४,६७६ होती. १९२१ मध्ये ती १,२४,७१,७७० भरली. ज्या दशकात ती वाढायला हवी होती त्या दशकात ती नऊ लाखांनी घटली. या नऊ लाखांच्या घटीतल्या कोणाचे नाव कोणत्या भिंतीवर कोरलेले नाही. देवगिरीच्या पायथ्याशी किंवा गोदाकाठच्या एखाद्या गावात त्या ऑक्टोबरात तापाने गेलेल्या माणसाने सारा भरला होता, हे पटवाऱ्याच्या वहीत असेल. त्या साऱ्यातला एखादा पैसा चारशे अश्वशक्तीच्या इंजिनापर्यंत पोचला, हे त्या माणसाला कधीच कळले नाही.

हे दोन ऑक्टोबर एकमेकांशेजारी ठेवण्यात एक धोका आहे, तो मला दिसतो. त्यातून सोपा निष्कर्ष निघतो, की विमानांवर खर्च केला म्हणून माणसे मेली. तसे म्हणता येत नाही. तो पैसा विमानांवर गेला नसता तर औषधांवर गेला असता असे मानण्याला आधार नाही, आणि त्या साथीवर तेव्हा जगात कोणाजवळच औषध नव्हते. म्हणणे एवढेच, की एकाच राज्याच्या नावाने एकाच महिन्यात दोन प्रकारची माणसे मेली. एकांच्या मरणाची विमानाच्या क्रमांकासह नोंद झाली, दुसऱ्यांच्या मरणाची बेरीज झाली.

हैदराबाद स्क्वाड्रनची कथा १९१८ मध्ये संपत नाही. १९१९ मध्ये ती मोडली आणि १९३७ मध्ये पुन्हा उभी राहिली. दुसरे महायुद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटिश वायुदलाने जर्मन आरमारावर पहिला हल्ला केला. त्याचे नेतृत्व याच स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट डोरन याने केले. तिची पाच ब्लेनहाइम विमाने विल्हेल्म्सहाफेनच्या बंदरात जवळजवळ लाटांना चिकटून शिरली. 'अॅडमिरल शेर' या युद्धनौकेवर त्यांचे बॉम्ब पडले, पण फुटले नाहीत. मागून आलेल्या १०७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या पाचांपैकी चार विमाने पडली. हैदराबाद स्क्वाड्रनचे एक पडले. त्याच्या वैमानिकाचे नाव फ्लाइंग ऑफिसर एमडेन. त्या हल्ल्यात एक ब्लेनहाइम 'एमडेन' याच नावाच्या जर्मन क्रूझरवर कोसळले आणि तिचे काही खलाशी मेले. ते विमान याच वैमानिकाचे होते असे पुष्कळ वर्णनांत आहे, काहींत ते १०७ चे मानले आहे. योगायोग खरा असो वा नसो, एमडेन आणि त्याचे साथीदार परतले नाहीत. युद्धाच्या अगदी पहिल्या बळींत हैदराबादचे नाव लावलेल्या विमानदलातले हे तरुण होते.

१९४२ मध्ये ही स्क्वाड्रन प्रत्यक्ष हिंदुस्थानात आली. ज्या राज्याचे नाव ती पाव शतक मिरवीत होती त्याच्या देशात तिचा हा पहिलाच मुक्काम. आराकान आणि ब्रह्मदेशाच्या जंगलांवर तिने व्हेन्जन्स जातीची आणि नंतर मॉस्किटो विमाने उडवली. २० ऑगस्ट १९४५ ला, जपानने शरणागती मान्य केल्यावरही लढत राहिलेल्या एका जपानी तुकडीवर तिने बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश वायुदलाची ती शेवटची बॉम्बफेक मानली जाते. पहिल्या हल्ल्यात हैदराबाद आणि शेवटच्यातही हैदराबाद.

हेन्डनच्या त्याच संग्रहालयात आणखी एक बॉम्बफेकी विमान आहे, ते सगळ्यांच्या ओळखीचे. लँकेस्टर आर-५८६८, एकशे सदतीस मोहिमा करून टिकलेले. १९१८ च्या विमानात दोन माणसे, यात सात. त्यांतला एक नॅव्हिगेटर, म्हणजे अंधारात, ढगांत, शत्रूच्या देशावर आपण नेमके कुठे आहोत हे कागद, पट्टी आणि घड्याळ यांवरून काढणारा. ८३ क्रमांकाच्या पाथफाइंडर स्क्वाड्रनमध्ये असताना या विमानाच्या चौदा मोहिमांत ते काम एका मराठी माणसाने केले. त्यांचे नाव शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. त्यांनी एकूण पंचेचाळीस मोहिमा केल्या आणि त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळाले. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उड्डाण-सैनिकांपैकी ५५,५७३ मेले. जवळजवळ दर दोनांत एक, अशा त्या लॉटरीतून सुखटणकर जिवंत सुटले.

पहिल्या विमानावर मराठी मुलखाच्या पैशाचा अदृश्य हात आहे, दुसऱ्यात मराठी माणूस प्रत्यक्ष बसलेला आहे. दोन्हींच्या मध्ये पंचवीस वर्षे आहेत, आणि त्या पंचवीस वर्षांत जग दोनदा जळाले.

एफ-१०१० हेन्डनला पोचले त्या वाटेचीही एक गंमत आहे. जर्मनांनी पकडल्यावर ते बर्लिनच्या विमान-संग्रहालयात ठेवले गेले. १९४३ मध्ये बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा संग्रहातली बरीच विमाने पूर्वेकडे पोलंडात हलवली गेली. ज्या वायुदलाचे ते विमान होते त्याच वायुदलाच्या बॉम्बांपासून ते वाचवावे लागले. युद्धानंतर ते पोलंडमध्येच क्राकोव येथे राहिले. १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात ते इंग्लंडला परत मिळाले. तोवर हैदराबादचे राज्य संपून एकोणतीस वर्षे झाली होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला, आणि ती तारीख आपण दरवर्षी झेंडा लावून साजरी करतो. विमानावरचे नाव राज्याहून अधिक जगले.

आपल्याकडे निजामाविषयी बोलण्याच्या दोन रीती पडून गेल्या आहेत. एक त्याच्या देणग्यांची यादी अभिमानाने वाचते: इतके पौंड, इतकी विमाने, इतकी विद्यापीठे. दुसरी त्या राजवटीचा जुलूम सांगते आणि तिथे थांबते. मुक्तिसंग्रामाची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना दुसरी रीत जवळची वाटणे स्वाभाविक आहे, मलाही ती वाटते. पण हे विमान दोन्ही रीतींना अडवते. 'आपली स्क्वाड्रन' म्हणून अभिमान धरावा तर तिने टाकलेले बॉम्ब आणि न विचारता घेतलेला पैसा आड येतो. 'परक्यांचे युद्ध' म्हणून झटकून टाकावे तर त्या लाकडी सांगाड्यात कोणाच्या तरी ज्वारी-कापसाचा घाम शिल्लक राहतो. आणि त्यात बसलेली एकोणीस-वीस वर्षांची पोरे निजामाची नव्हती तशी आपलीही शत्रू नव्हती.

मला वाटते, या संबंधाला अभिमान किंवा द्वेष यांपेक्षा 'ऋण' हा शब्द अधिक जवळचा आहे. न मागता झालेले, न कळता फेडले गेलेले ऋण. विमानातल्या माणसांवर शेतकऱ्याचे, आणि त्या पैशाने जे घडले त्यामुळे शेतकऱ्याच्या वारसांवर त्या माणसांच्या आणि खालच्या शहरांतल्या माणसांच्या स्मृतीचे. हे ऋण फेडता येत नाही. नोंदवता येते.

विमानावर एक नाव आहे. दफनभूमीतल्या दगडांवर काही नावे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला खानेसुमारीतली वजाबाकी आली आहे. हेन्डनला जो कोणी जाईल त्याने 'हैदराबाद क्रमांक १२-ए'समोर क्षणभर थांबावे आणि या तिन्ही नोंदी एकत्र वाचाव्यात.